नॅसवरील डेटाबेस सर्व्हर

नेटवर्क-संलग्न साठवण, अर्थात नॅस, म्हणजे जाळ्यातील अनेक संगणकांना सामायिक फायली पुरवणारे साधन होय. त्यावर मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल यांसारखे डेटाबेस सर्व्हर बसवता येतात.

अडचणी व उपाय

सर्व्हर सुरू न झाल्यास प्रथम त्याचा लॉग पाहावा. पोर्ट आधीच व्यापलेले असणे हे एक नेहमीचे कारण असते. मारियाडीबीचे प्रचलित पोर्ट ३३०६, तर पोस्टग्रेएसक्यूएलचे ५४३२ आहे. विदा-फोल्डरची मालकी सर्व्हर चालवणाऱ्या वापरकर्त्याकडे नसल्यास पोस्टग्रेएसक्यूएल सुरू होत नाही.

एकच विदा-फोल्डर दोन सर्व्हरांनी एकाच वेळी वापरल्यास विदा कायमची बिघडू शकते. म्हणून लॉक-फाइल काढण्यापूर्वी दुसरा सर्व्हर बंद असल्याची खात्री करावी.

चालू सर्व्हरच्या फायलींची साधी नक्कल विश्वसनीय बॅकअप ठरत नाही. त्यासाठी डम्प घेऊन तो अन्यत्र ठेवावा.