सक्ती संपली, हिशोब राहिला



मुंबईत आयुष्य काढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट ठाऊक असतेच. वाल्डेमार हाफकिन या यहुदी शास्त्रज्ञाचे नाव त्या संस्थेला १९२५ साली मिळाले. न्यूयॉर्क शहरातील एका अलीकडच्या प्रकरणाने त्यांची आठवण होते.

२० ऑक्टोबर २०२१ रोजी न्यूयॉर्कचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी फर्मान काढले की, शहराच्या नोकरांनी कोविडची लस घेतलीच पाहिजे. न घेणाऱ्यास बिनपगारी घरी बसावे लागेल. पोलीस, आगीच्या बंबावरील जवान, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी हे सर्व त्यात आले. हुकूम अकारण नव्हता. संकटात ज्याला हाक मारावी त्यानेच रोग घेऊन दारी येऊ नये, हा त्यामागील विचार. बहुतेकांनी लस घेतली.

परंतु २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला आणि लस घेतलेल्यांनाही लागण होऊ लागली. लशीमुळे प्राण वाचत होते, हे खरेच. पण आपल्यापासून दुसऱ्यास लागण होणार नाही, हा भरवसा उरला नाही. मार्च २०२२ मध्ये खेळाडू व कलावंतांना सूट मिळाली. १ नोव्हेंबर २०२२ पासून खाजगी नोकऱ्यांतील सक्ती उठली. शहराच्या सेवकांवरील सक्ती मात्र १० फेब्रुवारी २०२३ रोजी संपली. तोपर्यंत सुमारे १,७८० जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. त्या आपोआप परत मिळाल्या नाहीत. त्यांना नव्याने अर्ज करण्यास सांगण्यात आले.

आता हाफकिन यांच्याकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारने घरझडत्या आणि विलगीकरण यांची सक्ती केली. लोक इतके संतापले की, १८९७ साली पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांचा खून झाला. हाफकिन यांची लस मात्र ऐच्छिक होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे आगाखानांनी लोकांसमक्ष टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती मोडली.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना कामावरून दूर करण्यात आले. दोष प्रयोगशाळेचा नसून गावात बाटली उघडताना घडलेल्या चुकीचा असावा, हे पुढे पटले आणि १९०७ साली ते दोषमुक्त झाले. पण मुंबईची जागा त्यांना पुन्हा मिळाली नाही. ते कलकत्त्यास गेले.

दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत. हाफकिन लस देणारे, न्यूयॉर्कचे ते सेवक ती नाकारणारे. तरी एक गोष्ट समान आहे. हुकूम मागे घेणे सोपे असते. त्याने ज्याचे नुकसान झाले त्याचा हिशोब चुकता करणे कठीण. साथीच्या ऐन भरात सक्ती करावी लागली, तरी तिचे कारण सरताच ती उठवावी, आणि ज्यांना तिची झळ पोहोचली त्यांची विचारपूसही त्याच दिवशी व्हावी. पुढच्या साथीत लोक लस घ्यायला येतील ते हुकमाच्या धाकाने नव्हे, तर या वागणुकीच्या आठवणीने.