'मुलींचीच बाजी' लिहून झाल्यावर...

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आम्ही पत्रकार एक मथळा डोळे झाकून टाकतो, 'यंदाही मुलींचीच बाजी'. गेल्या वीसेक वर्षांत मी तो किती वेळा दिला असेल, मोजलेलं नाही. मग गुणवंतांचा सत्कार होतो, त्याचीही बातमी मीच करतो. परवा अशाच एका सत्काराचा फोटो लावताना सहज लक्ष गेलं. खाली बक्षिसाच्या रांगेत पोरीच पोरी. वर व्यासपीठावर अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, प्रमुख पाहुणे, सगळे बाप्ये. बाई एकच, तीही सूत्रसंचालनाला.

मग बाजी मारलेल्या या पोरी पुढे जातात कुठे? खुर्चीपर्यंत का पोचत नाहीत? या विचारात एक नाव आठवलं, हंसाबाई मेहता. आपल्याकडे त्यांच्याविषयी फार बोललं जात नाही. पोस्ट जरा लांबेल, पण वाचा.

३ जुलै १८९७ चा जन्म, सुरतचा. आजोबा नंदशंकर मेहता म्हणजे गुजरातीतली पहिली कादंबरी लिहिणारे. वडील मनुभाई बडोदा संस्थानचे दिवाण. बडोदा म्हणजे गायकवाडांचं, म्हणजे अर्धं आपलंच घर. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा पोरगा तिथे सयाजीराव महाराज झाला आणि १९०६ साली त्याने संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. हंसाबाई वाढल्या त्या या हवेत. तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या, मग इंग्लंडला जाऊन चक्क पत्रकारिता शिकल्या. (आम्हा डिप्लोमावाल्यांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही.)

लग्न केलं डॉ. जीवराज मेहतांशी. हे मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचे सुरुवातीचे डीन, पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. हंसाबाई नागर ब्राह्मण, जीवराजभाई वैश्य. आजही अशा लग्नावरून गावात काय होतं ते मी सांगायला नको. तेव्हा शंभर वर्षांपूर्वी ज्ञातीत किती गहजब झाला असेल!

१९३० च्या सत्याग्रहात त्या मुंबईत विदेशी कापडाच्या दुकानांसमोर उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या. १९३७ ला मुंबई विधान परिषदेची निवडणूक लढवली. स्त्रियांसाठीची राखीव जागा मिळत होती, ती नाकारून सर्वसाधारण जागेवर उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. पुढे संविधान सभेत गेल्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला तो त्यांनीच.

त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. आयोगात अठरा सदस्य, त्यात बायका दोनच. अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट आणि दुसऱ्या आपल्या हंसाबाई. पहिल्या कलमात 'ऑल मेन' असा शब्द होता. त्यात बायका आल्याच की, असं म्हणणारे होते. हंसाबाई म्हणाल्या, उद्या कोणी याचा अर्थ फक्त पुरुष असा लावला तर? त्यांनी हट्ट धरला आणि 'ह्यूमन बीइंग्ज', म्हणजे 'सर्व माणसे', असा बदल झाला. १० डिसेंबर १९४८ ला तो जाहीरनामा मंजूर झाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, खुर्चीकडे. ३० एप्रिल १९४९ ला बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी, १ मे ला, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे संस्थान गेलं, पण जाता जाता विद्यापीठ ठेवून गेलं. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबाई. मुलं-मुली एकत्र शिकतात अशा भारतातल्या विद्यापीठाची ही पहिली महिला कुलगुरू. त्याआधी एसएनडीटीचं कुलगुरूपद त्यांनी सांभाळलेलं होतं, पण ते महिला विद्यापीठ. इथे पुरुष प्राध्यापक, पुरुष कारकून आणि हजारो पोरं बाईच्या सहीखाली येणार होती.

खरं ते सांगितलं पाहिजे. दिवाणाच्या घरची लेक, आणि विद्यापीठ झालं तेव्हा नवरा बडोद्याचाच दिवाण. या वाटेवर त्यांना जी शिडी मिळाली ती आपल्या रांगेतल्या पोरींना मिळत नाही. पण खुर्ची मिळाल्यावर नुसती अडवून बसणारे आपण कमी पाहिलेत का? हंसाबाई जवळजवळ नऊ वर्षं होत्या. त्यांच्या काळात ललितकला शाखा उघडली, १९५० मध्ये. चित्रकला विभाग आला तो आपल्या ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख असे चित्रकार तिथूनच घडले. समाजकार्याचं शिक्षण आलं. गृहविज्ञानाची शाखा आली. गृहविज्ञान म्हणजे पोळ्या लाटायचा वर्ग, असा आपला समज. तिथे मात्र आहारशास्त्र, बालविकास हे विषय विज्ञान म्हणून शिकवले जाऊ लागले.

आणि हीच बाई १९६० नंतर एका राष्ट्रीय समितीची अध्यक्ष झाली तेव्हा समितीने सांगितलं, मुलांचा अभ्यासक्रम वेगळा आणि मुलींचा वेगळा, हे नको. पुढे कोठारी आयोगानेही तेच उचलून धरलं. आज तुमची मुलगी दहावीला भावासारखंच गणित आणि विज्ञान सोडवते, ते आपोआप झालेलं नाही.

१९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं. ४ एप्रिल १९९५ ला त्या गेल्या. बडोद्याच्या विद्यापीठाचं ग्रंथालय त्यांच्या नावाने आहे.

मुंबई विद्यापीठातही पुढे डॉ. स्नेहलता देशमुख कुलगुरू असताना विद्यार्थ्याच्या नावाबरोबर आईचं नाव लावायचा निर्णय झाला. तोही कागदावरचा एक बदलच. पण तिथे बसलेल्या कितीतरी पुरुषांना तो आधी सुचला नव्हता. खुर्चीत कोण बसतं याने फरक पडतो, तो असा.

म्हणून यंदा निकालाच्या दिवशी मी मथळा तोच देईन, कारण तो खराच असतो. पण त्याखाली आणखी एक बातमी करणार आहे. आपल्या तालुक्यातल्या किती कॉलेजांत प्राचार्य बाई आहेत, किती संस्थांच्या कार्यकारिणीत बायका आहेत, आणि त्यातल्या किती जणी बैठकीला स्वतः येतात, की सही घरी पाठवली जाते. दहा वर्षांपूर्वी पहिल्या आलेल्या मुलींचा फोटो माझ्याकडे आहे. त्या आज काय करतात, हेही शोधणार आहे.

तुमच्या ओळखीत त्यांच्यापैकी कोणी असेल तर सांगा. मी भेटायला येतो.