रॉचफर्डच्या अंगणातील ऊन

कावीळ झालेल्या तान्ह्या मुलास कोवळ्या उन्हात धरावे, असा सल्ला आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायका आजही देतात. या सल्ल्याचे शास्त्राशी नाते आहे खरे; परंतु समजले जाते तितके ते जवळचे नाही. ते कोठे जुळले व कोठे तुटले, हे पाहावयाचे तर आपणांस इंग्लंडातील एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या रुग्णालयात जावे लागते.

तेथील अकाली जन्मलेल्या अर्भकांचा विभाग वॉर्ड आडनावाच्या परिचारिकेकडे होता. बंद खोलीतल्या उबेपेक्षा मोकळी हवा मुलांना अधिक मानवते, अशी बाईंची श्रद्धा. ऊन चांगले पडले की त्या बाळांना अंगणात नेत आणि डॉक्टर येण्यापूर्वी आत आणून ठेवीत. १९५६ च्या उन्हाळ्यात एके दिवशी त्यांनी डॉ. डॉब्स यांना संकोचतच एक बाळ दाखविले. सारे अंग फिकट, पण एवढासा त्रिकोण मात्र गडद पिवळा! डॉक्टरांना वाटले, बाईंनी आयोडीन फासले असावे. बाईंचा खुलासा निराळा होता. तेवढ्या जागेवर चादरीचे टोक आले होते. पिवळेपणा तेथे चढला नव्हता, बाकीच्या अंगावरून उतरला होता. गोष्ट तेथेच राहिली. काही आठवड्यांनी एका काविळीच्या मुलाच्या रक्ताची नळी खिडकीशी उन्हात राहून गेली आणि तपासणीत तिच्यातील बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरले, तेव्हा प्रकाशाकडे लक्ष वळले.

क्रेमर, पेरीमन व रिचर्ड्स यांनी आठ निळसर नळ्या पाळण्यावर बसवून प्रयोग केले व १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. लेखकांत वॉर्डबाईंचे नाव नाही. अमेरिकेने तर हा उपाय १९६८ साली ल्यूसी यांचे प्रयोग प्रसिद्ध झाल्यावरच मनावर घेतला.

नवजात मुलाचे यकृत अपक्व असते. बिलिरुबिनचा निचरा त्यास झेपत नाही. ते फार साचून मेंदूत शिरले तर मूल बहिरे होते, हातापायांवरचा ताबा कायमचा जातो, प्रसंगी दगावते. पूर्वी यावर मुलाचे रक्त बदलणे हाच मोठा उपाय होता. निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच पालटतो. मग यकृताने त्यावर नेहमीची प्रक्रिया न करताही ते पित्तावाटे व मूत्रावाटे बाहेर पडते.

मग अंगणातले ऊन का चालू नये? उन्हात निळ्या प्रकाशाबरोबर कातडी भाजणारे किरण असतात. ऊन किती मिळाले याचे माप नसते. उघडे मूल गारठते किंवा तापते. नायजेरियात लागोस येथे हे घातक किरण गाळणाऱ्या पडद्याखाली बाळांना उन्हात ठेवून उपचार झाले आणि २०१५ साली त्यांचे यश प्रसिद्ध झाले. पण तेथे उशाशी जाणती माणसे होती. घरी उपचार करावयाचे दिवेही आता निघाले आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली त्यांस मान्यता दिली ती निवडक मुलांपुरती, आणि रक्ततपासणी चालू ठेवण्याच्या अटीवर. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत मूल पिवळे दिसले, किंवा पुढे सुस्तावून दूध ओढीनासे झाले, तर त्यास अंगणात नव्हे, तडक रुग्णालयात न्यावे.