तान्ह्या बाळाचं दूध आणि गडचिरोलीच्या आरोग्यदूत



घरात तान्हं बाळ आलं की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणते घुटी दे, कोणी ग्राइप वॉटर आणायला सांगते, तर कोणी म्हणते आईचं दूध पातळ आहे, वरचं सुरू कर.

यातल्या काही समजुती फार जुन्या आहेत. पूर्वी अनेक घरांत पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून टाकत. ते बाळाला पचत नाही असं मानत आणि दोन-तीन दिवस मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवत. ग्राइप वॉटर मात्र बाहेरून आलं. १८५१ साली इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ते काढलं. मूळ औषधात दारूचा अंश होता!

याच प्रश्नावर मोठं काम आपल्या विदर्भात झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था सुरू केली. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघरी पाहणी झाली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज होती, पण दवाखान्यापर्यंत पोचलेली फारच थोडी. मग गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं.

त्या बाळंतिणीच्या घरी जात. बाळाचं वजन करत, त्याला उबेत ठेवायला शिकवत, दूध ओढत नसेल तर आईजवळ बसून मदत करत. जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचारही करत. आधी या गावांत हजारात ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत. १९९८ पर्यंत हा आकडा २५ च्या आसपास आला. २०११ पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी भेटी देतात, त्याचं मूळ या कामात आहे.

त्यातून आपण काय घ्यायचं? जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्या, चीक टाकू नका. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी, मध, घुटी काही नको. बाळ जितकं ओढेल तितकं दूध वाढतं. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा. थोडं दूध बाहेर आलं तर घाबरू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसातून अनेकदा पातळ पिवळी शी होते, तो आजार नव्हे.

पण बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, शीमधून रक्त गेलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. आशाताईला कळवा आणि लगेच दवाखाना गाठा.

गडचिरोलीत बाळं वाचली ती शेजारच्या बाईनं वेळेवर लक्ष दिल्यामुळे. आपल्या गटातली प्रत्येक जण अशी शेजारीण होऊ शकते. पुढच्या बैठकीत, गावात कोणाकडे तान्हं बाळ आहे, एवढं नक्की विचारा.