टायरच्या कडेवरचे आकडे

डिसेंबरात नागपूरला मामेबहिणीचं लग्न आहे. आईबाबा समृद्धीनं जाणार, आमच्या 2014 च्या वॅगनारमधून. तिचे चारही टायर गुळगुळीत झालेत आणि बाबांचं बजेट चौदा हजार. सूतगिरणी चौकातल्या चहावर त्यांना सल्ला मिळाला होता, "रिमोल्ड टाका, निम्म्यात काम होतं." झिजलेल्या टायरच्या सांगाड्यावर नवं रबर चढवायची ही रीत ट्रकवाल्यांची, जुनी आणि मान्य. पण तो सांगाडा कुणाचा, किती उन्हाळे खाल्लेला, हे आपल्याला कोण सांगणार? मी नाही म्हटलं. बाबा गप्प बसले. म्हणजे पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जालना रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं बाबांकडे बघून भाव सांगितला, सव्वीसशेला एक. "भैया, माल एकदम फ्रेश है." मी खाली बसून टायरची कड वाचायला लागले. कोड वाचायचं हे माझं रोजचंच काम. हाही कोडच आहे, आणि बराच जुना.

145/80 आर 13 75 टी. टायरची रुंदी 145 मिलिमीटर, उंची त्याच्या 80 टक्के, रिम मात्र 13 इंच. एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच! आमच्या ऑफिसात असं कुणी लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये परत येईल. 75 म्हणजे एका टायरवर 387 किलोपर्यंत वजन, टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंतचा वेग.

खरी गोष्ट आहे ती मधल्या 'आर'ची. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. त्याला गंधक आणि उष्णता देऊन टिकाऊ करायची युक्ती 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला सापडली. हा माणूस कर्जापायी अनेकदा तुरुंगात गेला आणि 1860 मध्ये कर्जातच मेला. त्याच्या नावाची कंपनी 1898 मध्ये दुसऱ्याच लोकांनी काढली. तिचा कारखाना आज आपल्या वाळूजमध्ये आहे. 1990 च्या दशकात सिएटबरोबरच्या भागीदारीतून तो उभा राहिला, पुढे गुडइयरनं सगळाच घेतला. वाळूजमध्येच बीकेटीही आहे. तिचे शेतीचे टायर मुख्यतः परदेशी जातात. टायरच्या गावात राहतो आम्ही, पण भावात सूट नाही.

गुडइयरनं रबर उन्हात टिकवलं, तरी चालत्या टायरच्या आतली उष्णता उरलीच. जुन्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांवर आडवे असत. चाक फिरताना ते थर एकमेकांवर घासत आणि टायर तापे. मिशेलिननं 1946 मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं. त्यात दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. घासणं कमी, तापणंही कमी. भारतात जेके टायरनं 1977 मध्ये रेडियल आणला. तो 'आर' हाच.

समृद्धीवर नेमका हाच प्रश्न पुन्हा येतो. जुन्या रस्त्यावर खड्डे, गतिरोधक आणि म्हशी टायरला अधूनमधून विश्रांती देतात. इथं सिमेंटवर ताशी 120 नं तासन् तास पळायचं. हवा कमी असेल तर टायर जास्त चेपतो आणि जास्त तापतो. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला आणि 2023 मध्ये आरटीओनं घासलेल्या टायरच्या गाड्या प्रवेशावरूनच परत पाठवायला सुरुवात केली. नक्षीच्या खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं, की 1.6 मिलिमीटरच उरलं समजा. आमचे त्याच्याही खाली गेले होते.

आता सव्वीसशेचं रहस्य. कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. या 'फ्रेश' टायरवर होतं 2319. जून 2019. न वापरताही रबर कडक होत जातं. मी बोट ठेवलं. दुकानदार हसला आणि आतून दुसरा काढून आणला, 3125, भाव तेहतीसशे. आयएसआय दोन्हींवर होता. 2009 च्या सरकारी आदेशानंतर तो सक्तीचा झाला, त्यामुळे त्यावरून नवा-जुना कळत नाही.

तेहतीसशे चोक तेरा हजार दोनशे. वर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला म्हणून हे बजेटच्या आसपास तरी बसलं. बाबा म्हणाले, "दोनच टाकू, पुढे." दोनच घ्यायचे तर नवे मागे टाकतात, मी सांगितलं. पावसात मागची चाकं घसरली तर स्टिअरिंगच्या हातात काही राहत नाही. "आणि पुढे हे गुळगुळीत ठेवणार?" ते स्वतःच म्हणाले. चारही घेतले. वरचे पाचशे मी दिले. ते त्यांना अजून माहीत नाही.

निघताना डिकी उघडली. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमाराला जादा चाक विकायला काढलं. आमची स्टेपनी गाडीबरोबर आलेली, एकदाही न लावलेली, नक्षी नवीकोरी.

"बघ, ही तरी नवीच आहे," बाबा म्हणाले.

मी टॉर्च लावला. 0914.