त्रिकोणाच्या तीन टोकांची काळजी

आजचा एपिसोड एका काळजीबद्दल आहे. जुनी स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्या प्रत्येकाला ती असतेच: इंजिन टिकेल ना?

पण एका गाडीच्या बाबतीत ही काळजी जरा जास्तच प्रसिद्ध आहे. जुनी माझदा आरएक्स-सेव्हन बघायला गेलेला जाणकार माणूस रंग नंतर बघतो, किलोमीटरही नंतर विचारतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, "कॉम्प्रेशन टेस्ट केलीये का?" आणि मला यात गंमत अशी वाटते की ही काळजी गाडी जुनी झाल्यावर सुरू झालेली नाही. ती या इंजिनासोबतच जन्माला आली.

आधी इंजिन समजून घेऊ. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. रोटरी इंजिनात पिस्टनच नसतो. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजे रोटर, लंबगोलासारख्या पण मध्ये किंचित चिमटलेल्या पोकळीत फिरत राहतो. त्याच्या तिन्ही टोकांवर एकेक पातळ पट्टी असते. तिला म्हणतात एपेक्स सील. ही पट्टी भिंतीला सतत घासत जाते आणि पेटलेला वायू एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ देत नाही. दोन रोटरच्या इंजिनात अशा फक्त सहा पट्ट्या. त्या झिजल्या, चिकटल्या किंवा तुटल्या की कॉम्प्रेशन गेलं, आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

ही कल्पना फेलिक्स वँकेल या जर्मन संशोधकाची. एनएसयू नावाच्या जर्मन कंपनीत १९५७ मध्ये त्याचं पहिलं इंजिन चालू झालं. १९६४ मध्ये एनएसयूने स्पायडर ही छोटी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली. रोटरी इंजिन असलेली ही जगातली पहिली विक्रीला आलेली गाडी. मग १९६७ मध्ये आली आरओ-८० ही मोठी सेडान. दिसायला काळाच्या पुढे, चालवायला लोण्यासारखी. युरोपातला 'कार ऑफ द इयर' हा मानही तिला मिळाला.

आणि मग इंजिनं बसायला लागली. सुरुवातीच्या काही गाड्यांची तर ५० हजार किलोमीटरच्या आतच. कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून देत राहिली. असं सांगतात की रस्त्यात दोन आरओ-८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना बोटं दाखवायचे. नमस्कार नव्हे हो, आपलं कितवं इंजिन चालू आहे ते! हसू येतं, पण वॉरंटीचा तो खर्च कंपनीच्या मुळावर आला. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली.

आता जाऊ जपानमध्ये, हिरोशिमाला. माझदा तेव्हा लहान कंपनी होती. तिथलं सरकार वाहन कंपन्यांची संख्या कमी करायच्या विचारात होतं. आपल्याकडे वेगळं काही नसेल तर कुठल्या तरी मोठ्या कंपनीत विरून जाऊ, ही धास्ती खरी होती. म्हणून त्यांनी १९६१ मध्ये एनएसयूशी करार करून रोटरीचा परवाना घेतला. जर्मनीहून नमुन्याचं इंजिन आलं, चाचणी सुरू झाली, आणि सुमारे २०० तासांत ते बंद पडलं.

उघडून बघितलं तर आतल्या भिंतीवर ओळीने ओरखडे. एखाद्या जनावराने नख्या मारल्यासारखे. त्या ओरखड्यांना तिथे नाव पडलं 'सैतानाच्या नख्या'.

१९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा विभाग उभा राहिला. जपानी इतिहासात मालकासाठी जीव देणाऱ्या ४७ सामुराईंची गोष्ट आहे, त्यावरून लोक त्यांनाही तेच म्हणायला लागले. त्यांच्या लक्षात आलं की पट्टी नुसती घासत नाहीये, ती थरथरतेय. दारावर टकटक करावी तशी भिंतीवर आपटतेय. मग पट्टीत आडवी-उभी भोकं पाडून तिची कंपनाची पट्टीच बदलून बघितली. नख्या थांबल्या! विक्रीच्या इंजिनासाठी पुढे कार्बन आणि अॅल्युमिनियमची पट्टी बनवली गेली.

१९६७ च्या मे महिन्यात कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून १९६८ मध्ये माझदाने दोन कॉस्मो न्यूरबर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. एक चौथी आली. दुसरी ८२व्या तासाला बाहेर पडली, पण ॲक्सलमुळे, इंजिनामुळे नाही. पुढे १९९१ मध्ये ल मां-ची २४ तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरवाल्या ७८७-बी ने जिंकली. तिच्या एपेक्स सील सिरॅमिकच्या होत्या.

मग आरएक्स-सेव्हनला नाव का ठेवतात? १९७८ ते २००२ या काळात तिच्या आठ लाखांवर गाड्या बनल्या. शेवटच्या पिढीत दोन टर्बो आले. बॉनेटखाली उष्णता प्रचंड, रबरी नळ्या काळाने कडक होतात, इंधन अवेळी पेटतं आणि त्या धक्क्याने पट्टी तुटते. शिवाय हे इंजिन मुळातच थोडं ऑइल जाळतं, कारण पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून पंप ते आत सोडत असतो. पहिल्या मालकाला हे माहीत असतं. चौथ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तो साध्या इंजिनासारखी गाडी वापरतो, ऑइलची पातळी बघत नाही, इंजिन गरम होण्याआधीच पिळतो, आणि नंतर म्हणतो, रोटरी बेभरवशाचं!

आपल्या मराठीत एक छान सोय आहे. काळजी 'करतात' आणि काळजी 'घेतात'. शब्द एकच, क्रियापद बदललं की अर्थ उलटा. एनएसयूने गाडी विकली आणि काळजी करायची पाळी गिऱ्हाइकावर आली. माझदाने ती आधी स्वतःच्या कारखान्यात करून घेतली. म्हणून कुठलीही जुनी गाडी बघताना 'हे इंजिन कुप्रसिद्ध आहे का' हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. उरलेला अर्धा असा: याची काळजी आजवर कुणी घेतलीये, आणि त्याच्याकडे त्याच्या पावत्या आहेत का?

पावत्यांची जाड फाइल दाखवणारा मालक भेटला तर चहा घ्या, निवांत बोला. "इंजिन एकदम कडक आहे, टेस्टची काय गरज?" म्हणणारा भेटला तर मात्र चहा पिऊन लगेच निघा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऑइल बघत राहा!