भयमुक्त शाळेची परंपरा : भावनगर ते कोसबाड

शाळेच्या हीरक महोत्सवी अंकात इमारती, निकाल, पारितोषिके आणि मान्यवरांच्या भेटी यांची नोंद होणे स्वाभाविकच आहे. परंतु शाळेचा खरा इतिहास एका साध्या प्रश्नाभोवती फिरत असतो. पहिल्या दिवशी आईचा हात न सोडणारे मूल काही दिवसांनी त्याच फाटकातून धावत आत येते, ते कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधणारी एक थोर परंपरा आपण राहतो त्या गुजरातच्या भूमीत रुजली आणि एका मराठी विदुषीने ती महाराष्ट्रात नेली. तिचे स्मरण या निमित्ताने करणे उचित ठरेल.

नानाभाई भट्ट यांनी १९१० साली भावनगर येथे 'दक्षिणामूर्ती' या संस्थेची स्थापना केली. गिजुभाई बधेका १९१६ मध्ये वकिली सोडून तेथे आले. १९१३ साली मुलाचा जन्म झाल्यावर त्याच्या संगोपनाच्या विचारातून ते मादाम मॉन्टेसरी यांच्या ग्रंथांकडे वळले होते. १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. त्या काळी छडी ही शिक्षणाची सोबतीण मानली जाई. गिजुभाईंनी शिक्षेबरोबर बक्षिसाचेही प्रलोभन दूर ठेवले. भीतीने शिकणारे मूल आणि लोभाने शिकणारे मूल, दोघांचेही लक्ष विषयावर नसते, हे त्यांनी ओळखले होते. गोष्ट, गाणे, नाट्य, बागकाम आणि हातांना मिळणारे काम यांतून त्यांनी शाळा घडविली. प्रौढ पुरुषाच्या या वात्सल्यामुळे लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक पहिल्याच दिवशी फसतो. त्याने योजलेला शांततेचा खेळ मुलांच्या गोंगाटात विरून जातो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो आणि तोच वर्ग कान देऊन बसतो. मुलांना गप्प करून शिकवता येत नाही. आधी त्यांचा विश्वास मिळवावा लागतो, हा त्या प्रसंगाचा आशय आहे. आजही नव्या शिक्षकाच्या हाती प्रथम हेच पुस्तक द्यावे, असे मला वाटते.

या कार्यात १९२३ साली ताराबाई मोडक सहभागी झाल्या. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पदवीधर होत्या आणि राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले होते. भावनगरात त्यांनी गुजराती भाषेत काम केले, लिहिले, शिक्षक घडविले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला.

तथापि शहरातील सुखवस्तू मुलांपुरते बालशिक्षण मर्यादित राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नव्हती. कोणी गुरे राखी, कोणी धाकट्या भावंडाला सांभाळी. 'मुले येत नाहीत' अशी तक्रार न करता या दोघींनी शाळेचेच रूप बदलले. पाड्यावरील अंगणात बालवाडी भरू लागली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी चराईच्या रानात वर्ग भरला, ती कुरणशाळा. भावंडांमुळे अडलेल्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली, ती विकासवाडी. महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, बिया, पाने आणि खडे वापरले गेले. आंघोळ घालणे, नखे कापणे हाही अभ्यासक्रमाचा भाग ठरला. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणांची आठवण देतो.

या इतिहासाचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. आपल्या शाळेतील अनेक कुटुंबे खानदेशातून कापड व्यवसायात काम शोधत सुरतेस आली. त्यांच्या मुलांच्या घरी अहिराणी, गल्लीत गुजराती आणि पुस्तकात प्रमाण मराठी असते. असे मूल पहिले काही दिवस बोलत नाही, तेव्हा त्याला मंद समजण्याचा मोह होतो. वास्तविक ते तीन भाषांमध्ये आपली जागा शोधत असते. 'मनी माय' असे म्हणताच वर्गात हशा पिकला, तर ते मूल दीर्घकाळ मुके होईल. शिक्षकाने तोच शब्द प्रेमाने उचलून त्याशेजारी 'माझी आई' ठेवले, तर त्याला दोन्ही शब्द मिळतील.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास मनाई केली आहे. मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त राहावे, अशी अपेक्षाही त्यात आहे. गिजुभाईंनी जे आपणहून केले, ते करण्याचे बंधन आता सर्वांवर आहे. मात्र कायदा छडी काढून घेऊ शकतो. टोचून बोलणे, इतरांशी तुलना करणे, निकालावरून घरात अबोला धरणे हे थांबविणे शिक्षक आणि पालक यांच्याच हाती आहे. मुलाने घरी येताच 'किती गुण मिळाले?' याआधी 'आज काय गंमत झाली?' असे विचारले जावे, एवढी विनंती मी पालकांना करते.

माजी विद्यार्थ्यांनाही एक आवाहन आहे. मराठी माध्यमाची शाळा परप्रांतात टिकेल की नाही, ही चिंता आपण वारंवार व्यक्त करता. देणगीने भिंती उभ्या राहतात, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. परंतु आपण वर्गात येऊन तासभर गोष्ट सांगितलीत, घरची बोली आणि शाळेची भाषा घेऊन आपण कसे वाढलात हे लहानग्यांना सांगितलेत, तर त्यांना धीर येईल. जेथे मुलाला आपलेपणा वाटतो, ती शाळा पालक सहसा सोडत नाहीत. भावनगरहून निघालेली आणि कोसबाडच्या अंगणात फुललेली ही परंपरा आपल्या वर्गांत नांदावी, हाच हीरक महोत्सवाचा संकल्प असू द्या.